बारावं नाव

फोरमन कुणालाही भेटले की आधी पायांकडे बघत. चेहऱ्याचा नंबर बराच नंतर लागायचा. कुवेतमधल्या आमच्या फिंतासच्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हा मी दार उघडलं, तर एक उंच, रापलेला, पन्नाशीला टेकलेला माणूस माझ्या सपातांकडे टक लावून उभा. मला वाटलं उंबऱ्यात काही सांडलंय. मग मान वर करून ते म्हणाले, "वहिनी, तुमचा डावा पाय आत पडतो. चप्पल आतल्या कडेने झिजत असेल." मी त्यांना पाणी दिलं आणि आत जाऊन चप्पल उलटी करून पाहिली. झिजली होती. मला हा माणूस तिथल्या तिथे आगाऊ वाटला. पण खरं बोलणारा आहे हेही कळलं.

ही सवय त्यांना कामातून लागली होती. अहमदीला तेलाच्या टाक्यांभोवती परांची बांधणाऱ्या तीस माणसांचे ते फोरमन. माणसं वर, ते खाली. दिवसभर मान वर करून बघायचं तर दिसणार काय, बुटांचे तळवे. कोण घाबरलाय, कोणाला रात्री झोप लागलेली नाही, कोणाला गावाकडून फोन आलाय, हे ते पाय कसा पडतो त्यावरून सांगत. "चेहऱ्याने माणूस फसवतो," ते म्हणायचे, "फळीवर टाकलेला पाय फसवत नाही."

संध्याकाळी काम सुटलं की शेवटचा माणूस खाली येईपर्यंत ते शिडीच्या पायथ्याशी उभे राहत. शेवटचा बूट वाळूला लागला की मोठ्याने म्हणत, "उतरले." मग चहा. त्याआधी मुदीर, म्हणजे मोठा साहेब, आला, पाहुणा आला, कोणी आलं तरी चहाला हात लावायचा नाही. माझा नवरा विलास त्याच आवारात दुसऱ्या ठेकेदाराकडे इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होता. तो सांगायचा, हिवाळ्यात तो चहा गार पाण्यासारखा झालेला असतो, पण फोरमन तो तसाच पितात.

त्यांना खरं नाव होतं, पण ते कोणी वापरत नसे. मला माहीत होतं कारण मी ते टाइप करत असे. मुरुडजवळच्या खाडीकाठच्या एका गावातले. बायको आणि तीन मुली तिकडेच. दर दोन वर्षांनी दोन महिने रजा. तरुणपणी गावच्या कबड्डी संघात चढाईला होते. एका सामन्यात खांदा निखळला तेव्हापासून खेळ सुटला आणि दुसऱ्यांना खेळवणं सुरू झालं. आम्ही ब्याण्णव साली कुवेतला गेलो तेव्हा आमच्या मंडळाच्या संघाची निवड त्यांच्याकडेच होती. ती त्यांना कोणी दिली होती हे कोणालाच आठवत नव्हतं.

मैदान म्हणजे फिंतासच्या इमारतींमागचा एक रिकामा प्लॉट. शुक्रवारी सकाळी पोरं यायची, चाळण्या घेऊन. आधी माती चाळायची. खडे, काचा, बाटल्यांची झाकणं, आणि पहिली दोन-तीन वर्षं युद्धातल्या बंदुकीच्या गोळ्यांची रिकामी टरफलं. ती एका डब्यात गोळा व्हायची. मग आखणी, मग खेळ. सुतार, वेल्डर, ड्रायव्हर, एसी दुरुस्तीवाले, सगळे कंत्राटावर आलेले, एका खोलीत सहा-सात जण राहणारे. सहा दिवस दुसऱ्याचं ऐकायचं आणि सातव्या दिवशी अंगाला माती लावायची, एवढीच त्यांची चैन. फोरमनना मात्र स्पर्धेचा करंडक हवा होता. फेब्रुवारीच्या सुट्ट्यांत सगळ्या मंडळांच्या संघांची स्पर्धा व्हायची आणि आमचा संघ कधी जिंकला नव्हता. "एकदा तो घरी आणायचा," ते म्हणत. करंडक आमच्याच घरी राहणार होता, कारण त्यांच्या खोलीत ठेवायला जागा नव्हती. मी शोकेसचा वरचा कप्पा रिकामा करून ठेवला होता. त्यात नुसती धूळ बसायची आणि मी ती पुसायची.

या सगळ्यात माझा संबंध टायपिंगचा. मी दस्मानला एका व्यापारी कचेरीत सेक्रेटरी होते. कॉम्प्युटर आणि फॅक्स दोन्ही हाताशी. बारा खेळाडूंची यादी, नाव पासपोर्टप्रमाणे, पुढे बताक्याचा म्हणजे ओळखपत्राचा नंबर, असं सगळं स्पर्धेच्या आयोजकांना बुधवारी दुपारी बाराच्या आत फॅक्स करायचं. नियम दोनच होते आणि कडक होते. बारानंतर यादी बदलायची नाही. आणि एक माणूस एकाच यादीत. एकदा नाव एका संघाच्या कागदावर गेलं की त्या वर्षी दुसऱ्या कोणाकडून खेळता यायचं नाही. आधी लोक सकाळी एका संघाकडून आणि दुपारी दुसऱ्याकडून खेळत, त्यावरून मारामाऱ्या झाल्या होत्या, म्हणून हा नियम.

यादी ठरायची आमच्या जेवणाच्या टेबलावर, मंगळवारी संध्याकाळी. फोरमन, मंडळाचे सचिव सावंत आणि चहा करणारी मी. विलास स्वतः खेळाडू, म्हणून त्याला त्या दिवशी आमच्या मुलीला, आदितीला, घेऊन समुद्रावर फिरायला पाठवायचं. पकडीचे आठ जण ठरायला दहा मिनिटं लागत. भांडण चढाईच्या चार जागांवरून. पकडीला कोण आहे हे लोक विसरतात, चढाईला कोण गेला होता हे वर्षभर बोलतात. शिवाय प्रत्येक खोलीला आपल्या खोलीतला चढाईवाला हवा असे. सावंतांच्या खिशात खोल्यांच्या चिठ्ठ्या असत. फोरमन त्या वाचत, घडी घालत आणि खुर्चीच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सारत. माझी ती खुर्ची फेब्रुवारीत फार स्थिर असायची.

चढाईवाला निवडायची त्यांची स्वतःची रीत होती. समोर कोणी नाही, मैदान मोकळं, आणि एकट्याने चढाई करायची. तोंडाने कबड्डी कबड्डी, पलीकडच्या रेषेला पाय लावायचा, परत यायचं. फोरमन मध्यरेषेच्या टोकाला चक्क पालथे पडून गाल मातीला टेकवून बघत. ऐन रमजानचे, त्यांच्या उपासाचे दिवस असले तरी त्यात फरक नाही. नवी पोरं हसायची. समोर कोणी नसताना काय कळणार? ते सांगायचे, "जाताना सगळेच वाघ. वळताना बघायचं. गुण घेऊन तिकडेच पडलास तर गुण त्यांचा." आदिती तेव्हा नऊ वर्षांची. ती त्यांना इंग्रजीत विचारायची आणि ते मराठीत उत्तर द्यायचे. दोघांचं छान जमायचं. "डझन्ट इट हर्ट, अंकल?" "माती मऊ आहे गं. चाळलीय ना."

आणखी एक रीत होती, ती मला तेव्हा विशेष वाटली नाही. ज्याचं नाव गळलं त्याला ते यादी जाण्याआधी स्वतः जाऊन सांगत. खोलीवर जायचं, त्याच्या कॉटवर बसायचं, त्याच्या हातचा चहा घ्यायचा आणि कारण सांगायचं. खरं कारण. "ज्याला घेतला त्याला कारण लागत नाही," ते म्हणायचे. "ज्याला काढला त्याचं ते देणं लागतो." गळलेली माणसं म्हणूनच त्यांच्यावर फार काळ रागावत नसत.

आता अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्याबद्दल. विलास एकोणचाळीस वर्षांचा होता आणि पाच वर्षं संघाचा पहिला चढाईवाला. डिसेंबरात सराव करताना त्याचा उजवा गुडघा मुरगळला. आम्ही गुपचूप एका डॉक्टरला दाखवला. दोन महिने नीट विश्रांती दिली तर भरून येईल, पण आणखी एकदा मुरगळला तर ऑपरेशन, आणि मग जिने-शिड्या विसरा, असं त्याने सांगितलं. विलासचं काम टाक्यांवर चढायचं. करार मार्चमध्ये संपत होता आणि नवा करार कंपनीच्या डॉक्टरने चढवून-उतरवून तपासल्याशिवाय होत नसे. करार गेला की विलासचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, गेला, आणि त्याच्या इकाम्यावर मी आणि आदिती. तिघांचा मुक्काम एका गुडघ्यावर होता. डोंबिवलीच्या जागेचं काम अर्धवट, आदितीचं शाळेचं वर्ष मध्यावर. मी हे विलासला टेबलावर कागद ठेवून समजावलं. तो म्हणाला, "शेवटचं वर्ष. एवढं खेळतो." क्रेप बँडेज बांधून, वरून पँट घालून तो सरावाला जायला लागला. कोणालाही सांगायचं नाही अशी मला ताकीद. त्यात सालमियाच्या संघाचे लोक दोन वर्षांपासून त्याच्या मागे होते. आमच्याकडे खेळा म्हणून त्या महिन्यात दोनदा घरी फोन आला. तो फोनवर खूष होऊन हसताना मी ऐकलं होतं.

मी रडत बसणारी बाई नाही. मी ठरवलं, फोरमनना सांगायचं. गुरुवारी संध्याकाळी ते जमियामध्ये, म्हणजे आमच्या वस्तीच्या सहकारी दुकानात, कांदे घेत असत. मी तिथे गाठलं.

"फोरमन, या वर्षी विलासला घेऊ नका."

ते कांदे निवडत राहिले. "का ते सांगू नका."

"अहो, कारण तरी ऐका."

"नाही. तुम्ही सांगितलंत आणि मी ऐकलं तर मग ती यादी तुमची झाली. मी बायकांचं ऐकून काढत नाही आणि सचिवांचं ऐकून घेत नाही."

"मी तुमच्याकडे कधी काही मागितलंय का?"

"म्हणून तर सांगतोय, मागू नका." मग त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. "नवी चप्पल घेतलीत. हिची टाच उंच आहे. पडाल."

मी कोथिंबीर न घेताच परत आले. गाडी सुरू करताना मनात म्हटलं, या माणसाला तळव्यांच्या वर काही दिसत नाही.

त्याच शुक्रवारी चाचणी होती. पाच जण, जागा चार. तिघांबद्दल कोणाचं दुमत नव्हतं. चौथ्या जागेसाठी विलास, नाहीतर दिनेश. दिनेश माणगावचा, चोवीस वर्षांचा, फोरमनच्याच हाताखाली परांची बांधणारा. काटक आणि अबोल. दिनेशने मोकळ्या मैदानात चढाई केली, भिंगरीसारखा वळला आणि आला. मग विलास. गेला रुबाबात. पलीकडच्या रेषेला पाय लावला आणि वळला. मी चाळणी हातात घेऊन बाजूला उभी होते. मला दिसलं, कारण मी तेच बघत होते. तो उजव्या पायावर वळलाच नाही. एक जादा पाऊल घेऊन डावीकडून फिरला. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. फोरमन मातीत पालथे होते. उठले, गाल झटकला. तीनदा त्याला चढाई करायला लावली. तीनदा तो डावीकडूनच वळला.

मला फार हायसं वाटलं. आता मी सांगायची गरजच नव्हती.

मंगळवारी टेबलावर सावंत तयारीनेच आले होते. "फोरमन, चौथं नाव विलासरावांचं. यात चर्चा काय करायची? लोक कोणाला बघायला येतात?"

"लोकांना चढाईला पाठवायचं असेल तर लोकांना विचारू."

"म्हणजे दिनेशला घेणार? तुमच्या गँगमधला पोरगा. लोक म्हणतील, फोरमनने आपला माणूस घुसवला."

"म्हणोत."

"त्याने एक तरी सामना जिंकून दिलाय का? विलासरावांनी परवा कशी चढाई मारली. राजा माणूस."

"राजाच आहे," फोरमन म्हणाले. "वहिनी, साखर कमी आहे."

साखर रोजच्याइतकीच होती. मी डबा आणून आपटला. ते बराच वेळ चहा ढवळत बसले. तेवढ्या वेळात त्यांनी टेबलाखेरीज कशाकडेच, कोणाच्या पायांकडेही, पाहिलं नाही.

"दिनेश चांगला आहे," ते म्हणाले. "विलासपेक्षा आज चांगला आहे. हे लिहून ठेवा, सावंत."

"मग?"

"मग काही नाही. विलास आपल्या यादीत पाहिजे. बारावं नाव त्याचं. दिनेश बाहेर."

सावंतांनी टाळी दिली, ती फोरमननी घेतली नाही. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. हा माणूस मातीत गाल टेकवून तीनदा बघतो, आणि शेवटी सावंतांसारखाच नावाला भुलतो. ते निघाले तेव्हा मी दारापर्यंत गेले नाही. त्यांनी स्वतःच कडी काढली. जाताना म्हणाले, "दिनेशकडे जाऊन येतो."

दुसऱ्या दिवशी कचेरीत मी यादी टाइप केली. अकरा नावं झाली. बारावं नाव सोडून फॅक्स करायला किंवा तिथे दिनेशचं नाव घालायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. बारानंतर बदल नाही, हा नियम माझ्या बाजूने होता. घड्याळात पावणेबारा झाले होते. मी पाच मिनिटं बसून राहिले. मग विलासचं नाव टाइप केलं, बताक्याचा नंबर पाठ होता तो घातला आणि पाठवून दिलं. हे चांगुलपणातून केलं असं नाही. दुसऱ्याच्या कागदात खाडाखोड करायची सवय नव्हती एवढंच.

स्पर्धेच्या पहिल्या सामन्यात विलास राखीव. दुसऱ्यातही राखीव. तो चिडला, पण म्हणाला, "अंतिम सामन्यासाठी राखून ठेवलंय मला." मलाही तीच भीती वाटत होती. संघ खरोखरच अंतिम सामन्यात गेला. समोर सालमिया. शेवटची पाच मिनिटं, आम्ही दोन गुणांनी मागे, आमचे दोन चढाईवाले दमलेले, तिसरा बाद होऊन बाहेर बसलेला. प्रेक्षकांतून नुसतं "विलास, विलास" सुरू झालं. विलासने पँट काढली, बँडेज लांब चड्डीखाली झाकलेलं होतं, आणि उठला. उठला म्हणजे अर्धा उठला. फोरमन त्याच्या शेजारी बसले होते आणि त्यांचा बूट विलासच्या सुटलेल्या नाडीवर होता.

"फोरमन, पाय काढा."

"बस."

"अहो, सामना जातोय."

"जाऊ दे. बस."

सावंत धावत आले. हातवारे, ओरडाआरडा. फोरमन मैदानाकडे बघत बसून राहिले, बूट नाडीवर. आम्ही एका गुणाने हरलो.

त्यानंतर त्यांना काय काय ऐकावं लागलं ते लिहिण्यात अर्थ नाही. घेतलाच होता तर उतरवला का नाही, आणि उतरवायचा नव्हता तर दिनेशला का काढला, याचं उत्तर प्रत्येक खोलीने मागितलं. फोरमन प्रत्येकाला एवढंच सांगत, "माझा अंदाज चुकला." मंडळाच्या सभेत त्यांच्याकडून निवड काढून घेतली आणि सात जणांची समिती नेमली. पुढच्या वर्षी त्या सातांनी आठ दिवस भांडून अशी यादी काढली की चढाईला सहा जण होते आणि पकडीला धड कोणी नव्हतं. संघ पहिल्याच सामन्यात घरी आला.

मार्चमध्ये विलासची तपासणी झाली. चढला, उतरला, पास झाला. दोन वर्षांचा करार मिळाला. त्या दिवशी मी भरपूर वेलदोडे घालून शिरा केला. विलास मात्र कबड्डीचं नाव काढायला तयार नव्हता. त्या रागात त्याने खेळ सोडला तो सोडलाच. दुसऱ्या वर्षी सालमियावाल्यांचा फोन आला तर म्हणाला, "चाळिशी लागली, आता नको." मी मनात म्हटलं, अपमानाने का होईना, गुडघा वाचला. फोरमनच्या चुकीतून आमचं भलं झालं असं मी कितीतरी वर्षं धरून चालले. माझी समज एवढीच.

फोरमन अधूनमधून घरी येत राहिले. विलास "या" म्हणून आतल्या खोलीत निघून जाई. ते आदितीशी बोलत, चहा घेत, जात. दोन हजार तीनमध्ये ते कायमचे गावी निघाले. त्या वसंतात इराकच्या युद्धाचे सायरन वाजत होते, लोक खिडक्यांना चिकटपट्ट्या लावत होते आणि त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं होतं. मी विलासला बळेच विमानतळावर नेलं. त्याने हात मिळवला, जेवढा मिळवावा लागतो तेवढाच. फोरमननी त्याच्या पायांकडे पाहिलं. "बरा दिसतोय," म्हणाले आणि ट्रॉली ढकलत आत गेले.

पुढच्या हिवाळ्यात मंडळाने निवड दिनेशकडे दिली. तो आता स्वतःच फोरमन झाला होता. यादी टाइप करून घ्यायला तो आमच्याकडे आला, त्याच टेबलावर बसला. एका मुलाच्या नावावर अडला होता. मी सहज म्हटलं, "फोरमनसारखं करू नकोस म्हणजे झालं. अंदाज चुकला की जन्मभर बोलणी."

दिनेशने पेन खाली ठेवलं. "त्यांचा अंदाज कुठे चुकला, वहिनी?"

"तुला काढलं नव्हतं का?"

"काढलं. त्याच संध्याकाळी खोलीवर आले होते. कॉटवर बसले, चहा घेतला. म्हणाले, तू त्याच्यापेक्षा चांगला आहेस, तरी तुला काढतोय. विलासचा गुडघा गेलाय. मी त्याला सोडला तर उद्या सकाळी सालमियावाले घेतील, तिकडे तो खेळेल आणि पाय घालवून बसेल. आपल्या कागदावर नाव असलं की त्याला दुसरीकडे जाता येत नाही. घेऊन बसवून ठेवतो."

मी उभी होते ती बसले.

"मी म्हटलं, मग लोकांना सांगा की. ते म्हणाले, त्याची मार्चमध्ये तपासणी आहे, कंपनीच्या कानावर गेलं तर संपलं. तुला सांगतोय कारण तुझी जागा जातेय. आणखी कोणाला सांगायचं नाही." दिनेशने कप सरळ केला. "मग नाही सांगितलं. आता ते गेले, विलासदादांचा पायही बरा आहे. म्हणून सांगतोय."

"तुला राग नाही आला?"

"आला की. तीन आठवडे त्यांच्याशी बोललो नाही. वर चढलो की मुद्दाम पाय आपटायचो. खालून म्हणायचे, आपट, पण फळी बघून आपट."

म्हणजे मी जमियात जे मागितलं होतं ते त्यांनी ऐकलं असतं, तर त्या बुधवारी विलास सालमियाच्या यादीत असता. नियम मला पाठ होता. दरवर्षी तो फॅक्स मीच पाठवत होते. पण नाव काढलं की माणूस घरी बसतो, एवढाच विचार मी केला होता. चोवीस वर्षांच्या दिनेशने, त्याच्या शब्दांत सांगायचं तर, "सहा वर्षं तोंडात गुळणी" धरली होती, आणि सबंध फिंतास ज्याला नावं ठेवत होतं त्याने करंडक घालवून ती नावं पदरात घेतली होती. मला एकदम हलकं वाटलं. लाजही वाटली, पण हलकं जास्त. इतकी वर्षं मी समजत होते की तो गुडघा मी एकटी सांभाळत होते.

रात्री जेवताना विलासला सगळं सांगितलं. त्याने पोळीचा तुकडा ताटात ठेवला. मग म्हणाला, "नाडी मीच सोडून ठेवली होती. बूट घट्ट करायला." एवढंच. मे महिन्यात आम्ही सुट्टीवर आलो तेव्हा एक दिवस तो सकाळच्या एस.टी.ने एकटाच मुरुडला गेला आणि दुसऱ्या दिवशी परत आला. काय बोलणं झालं विचारलं तर म्हणाला, "चहा घेतला." सोबत सुक्या बोंबलांचं गाठोडं होतं, सबंध घराला आठवडाभर वास.

विलासने त्यानंतर आणखी पाच वर्षं त्याच टाक्यांवर काढली. आदितीचं शिक्षण झालं, डोंबिवलीची जागा पुरी झाली. आम्ही सामान बांधून कायमचे परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मुरुडला फोन लावला. फोरमनचा आवाज थकला होता, पण विचारायचं तेच विचारलं.

"विलास जिना कसा उतरतो?"

"नीट उतरतो. कठड्याला हातही लावत नाही."

"चढायचं काम संपलं?"

"संपलं. कालच आलो, कायमचे."

मग ते म्हणाले, "उतरले," आणि आत कोणाला तरी चहा टाकायला सांगितलं.